तुपात उतरवलेला चहा : घरगुती शॉर्टब्रेडची कृती आणि तिच्यामागची कारणे

शॉर्टब्रेड हे स्कॉटलंडचे पारंपरिक बिस्किट असून साखर, लोणी आणि पीठ हे त्याचे तीनच मुख्य जिन्नस आहेत व त्यांचे वजनी प्रमाण अनुक्रमे एक, दोन आणि तीन असे धरले जाते. अंडी, दूध, खायचा सोडा किंवा बेकिंग पावडर यांपैकी त्यात काहीच पडत नसल्याने हे बिस्किट फुगत नाही, त्याला जाळी पडत नाही आणि ते कडकही होत नाही. दाताखाली आले की भुगा होऊन विरघळते. हा गुण मराठी घराला नवा नाही. शंकरपाळ्यांच्या किंवा करंजीच्या पिठात कडकडीत मोहन घातले जाते ते याच खुसखुशीतपणासाठी. गव्हाच्या पिठातील प्रथिनांना पाणी मिळाले की त्यांचे ग्लुटेन नावाचे चिवट, ताणले जाणारे जाळे तयार होते. पोळी लाटता येते, फुगते ती या जाळ्यामुळेच. तूप पिठाच्या कणाकणाला आधीच माखले तर पाणी प्रथिनांपर्यंत नीट पोहोचत नाही, जाळे अपुरे राहते आणि पदार्थ चिवट होण्याऐवजी ठिसूळ होतो. शंकरपाळ्यांत मोहन बेताचे असते, कारण पीठ पुढे दुधा-पाण्यात भिजवून लाटायचे असते. शॉर्टब्रेडमध्ये हेच मोहन पिठाच्या निम्म्याहून अधिक वजनाचे असते आणि भिजवण्यासाठी वेगळे पाणी मुळीच नसते, एवढाच काय तो फरक. नानकटाई या दोहोंच्या मधली. तिच्यातही तूप आणि साखर भरपूर असते, पण बहुधा सोडा घातलेला असल्याने ती वरून तडकते आणि आतून पोकळसर होते.

बालाघाटच्या पठारावर, मांजरसुंबा–पाटोदा रस्त्यालगत असलेले आणि भालचंद्र गणेशाच्या मंदिरामुळे ओळखले जाणारे बीड जिल्ह्यातील लिंबागणेश, किंवा त्यासारखे कोणतेही मराठवाड्यातील गाव डोळ्यांसमोर ठेवून पुढील कृती मांडली आहे. अशा गावात या बिस्किटाला लागणारे जवळजवळ सगळे काही घरात किंवा किराणा दुकानात मिळते. तूप घरच्या विरजणाचे असते, ज्वारीचे पीठ डब्यात असते आणि चहापत्ती तर संपूच दिली जात नाही. अडचण येते ती ओव्हनची, विजेच्या भरवशाची आणि उन्हाळ्याची. परदेशी कृतींमध्ये या तिन्हींचा विचार नसतो, त्यामुळे त्या जशाच्या तशा उचलल्या की बिस्किटे पसरतात किंवा खालून करपतात आणि दोष मात्र करणाऱ्याच्या हाताला दिला जातो.

प्रथम चहाचा प्रश्न सोडवला पाहिजे, कारण नेहमीची चूक तेथेच होते. चहाचा स्वाद हवा म्हणून कडक कोरा चहा उकळून तो पिठात ओतण्याची कल्पना सहज सुचते. ती दोन्ही बाजूंनी नुकसानीची आहे. एक तर त्या पाण्याने ग्लुटेनचे जाळे तयार होते आणि बिस्किट खुसखुशीत होण्याऐवजी वातड होते. दुसरे असे की चहातील तुरटपणा आणणारी टॅनिनवर्गीय द्रव्ये व लालसर रंगद्रव्ये प्रामुख्याने पाण्यात उतरतात, उलट सुवासिक द्रव्यांपैकी बरीचशी स्निग्ध पदार्थात चांगली विरघळतात. उकळलेल्या चहातून म्हणून तुरटपणा पुरेपूर येतो आणि वास वाफेबरोबर बराचसा निघून जातो. चहा तुपात उतरवला की नेमके उलटे घडते. तुपात पाणी जवळजवळ नसल्याने टॅनिन पत्तीतच राहते आणि सुवास तुपात येतो. हे तूप गाळल्यावर चहासारखे लाल दिसत नाही, फार तर किंचित काळपट-हिरवट छटा येते. रंग चढला नाही म्हणून पत्ती वाढवण्याचे कारण नाही, वास घेऊन पाहावा.

पत्ती कोणती घ्यावी, याचे उत्तर सोपे आहे : घरात रोजच्या चहाला असते ती. बाजारातील नेहमीची दाणेदार पत्ती सीटीसी पद्धतीची असते. या पद्धतीत चहाची पाने दातेरी रुळांमधून नेऊन चिरडली, फाडली आणि वळवली जातात व त्यांचे बारीक टणक दाणे तयार होतात. ही पद्धत १९३० च्या सुमारास आसामात विकसित झाली आणि दूध-साखर घालून उकळायच्या कडक चहासाठी तीच देशभर रूढ झाली. आसामच्या चहाचा भाजलेल्या धान्याशी जुळणारा भरदार स्वाद भट्टीच्या आचेतही टिकतो आणि तूप-साखरेच्या गोडीपुढे दबत नाही. दार्जिलिंगच्या चहाला २००४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि भारतातले ते पहिलेच मानांकन होते. पण त्याचा हळुवार, फुलासारखा सुगंध भाजण्यात बहुतांशी उडून जातो, तेव्हा तो या कामी वापरणे म्हणजे पैशाची नासाडी. परदेशात या बिस्किटासाठी अर्ल ग्रे नावाचा चहा लोकप्रिय आहे. त्या चहाला बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचे तेल लावलेले असते आणि तेलात असलेला हा गंध तुपात उत्तम मिसळतो. त्याच धर्तीचा स्वाद हवा असेल तर कागदी लिंबाची साल अगदी हलक्या हाताने किसून साखरेत चोळावी. मात्र सालीखालचा पांढरा भाग कडू असतो, तो किसणीवर येऊ देऊ नये.

मापांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’सारख्या पुस्तकांनी वाटी-चमच्याचे निश्चित माप मराठी घरांत रुजवले आणि बहुतेक पदार्थांना ते पुरते. शॉर्टब्रेडला मात्र वजनच हवे, कारण दाबून भरलेल्या आणि चाळून भरलेल्या मैद्याच्या वाटीत बराच फरक पडतो आणि तुपाशी असलेले प्रमाण लगेच बिघडते. घरात काटा नसेल तर किराणा दुकानातून जिन्नस वजन करूनच आणावेत. साधारण तीस बिस्किटांसाठी २०० ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम तांदळाची पिठी, ८० ग्रॅम पिठीसाखर, १५० ग्रॅम तूप, दोन मोठे चमचे म्हणजे सुमारे १५ ग्रॅम दूध पावडर, चिमूट-दोन चिमूट मीठ आणि एकूण १५ ग्रॅम चहापत्ती घ्यावी. तांदळाच्या पिठीत ग्लुटेन नसते, तिने बिस्किटाला हलकी रवाळ कुरकुर येते. स्कॉटलंडमध्येही याच कारणासाठी ती वापरतात.

लोण्याऐवजी तूप घेताना प्रमाण बदलते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बाजारच्या लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेल्यात मुख्यतः पाणी असते. तुपात स्निग्धांश जवळजवळ शंभर टक्के असतो. एक-दोन-तीनच्या प्रमाणाने २४० ग्रॅम पिठाला १६० ग्रॅम लोणी लागेल, परंतु तेवढेच तूप घातले तर बिस्किटे भाजताना ओघळतील. सुमारे १३० ग्रॅम तूप पुरते. वर १५० ग्रॅम सांगितले आहे ते अशासाठी की गाळताना काही तूप पत्तीला धरून राहते. लोण्यातील दुधाचा अंश तुपात राहिलेला नसतो, ती उणीव दूध पावडरीने भरून निघते आणि बिस्किटाला तांबूस रंगही तीच देते. घरचे ताजे लोणी थेट वापरण्याचा मोह टाळावा. ताकाचे पाणी त्यात किती राहिले आहे याचा अंदाज बांधता येत नाही. बाजारचे खारवलेले लोणी वापरायचे असल्यास १६० ग्रॅम मापून घ्यावे, गाळताना जाईल तेवढे चार चमचे वर घ्यावे आणि मीठ व दूध पावडर वगळावी. तूप कोणाचे, हाही विचार करण्याजोगा मुद्दा आहे : म्हशीचे तूप गाईच्या तुपापेक्षा घट्ट थिजते व कणीदार असते, म्हणून उन्हाळी हवेत तेच सोयीचे पडते. फार दिवस साठवलेल्या सायीचे, उग्र वासाचे किंवा कढवताना लालभडक झालेले तूप मात्र पुरणपोळीवरच बरे. त्याच्या वासापुढे चहाचा स्वाद लागतच नाही.

आता प्रत्यक्ष कृती. तूप जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर पातळ करावे आणि पातेल्याच्या कडेला बोट क्षणभरच टेकवता येईल इतके गरम झाले की गॅस बंद करावा. त्यात १० ग्रॅम पत्ती घालून, ढवळून, वर झाकण ठेवून ते वीस मिनिटे तसेच राहू द्यावे. तूप उकळत्या फोडणीइतके तापले असेल तर पत्ती जळते आणि सुवासाऐवजी करपट वास उतरतो. येथे घाई केल्यास पुढची सगळी मेहनत फुकट जाते. नंतर तूप स्वच्छ, पूर्ण कोरड्या मलमलीतून गाळावे. फडके हलके दाबावे, करकचून पिळू नये, कारण पिळताना पत्तीची भुकटी खाली येते. तूप माखलेली ही पत्ती पिठातही घालू नये, ती दाताखाली खरखरते. आणि तिचा चहा करण्याची काटकसरही करू नये, कपावर तुपाचा तवंग येतो.

उरलेली ५ ग्रॅम पत्ती दोन चमचे पिठीसाखरेबरोबर मिक्सरमधून काढून वस्त्रगाळ करावी. साखरेच्या कणांमुळे ती चांगली दळली जाते. तुपातील चहा वास देतो आणि ही भुकटी चव व करड्या-तपकिरी ठिपक्यांचे रूप देते. दोन्ही वापरल्याने स्वाद भरीव होतो. भुकटी याहून वाढवली तर तुरटपणा जाणवू लागतो. सुंठ, वेलदोडा किंवा तयार चहा मसाला घालायला हरकत नाही, पण पाव चमच्याच्या पुढे जाऊ नये, अन्यथा चहाच्या बिस्किटाऐवजी मसाल्याचे बिस्किट पदरी पडते.

गाळलेले तूप थिजू द्यावे. डिसेंबर-जानेवारीत ते ओट्यावर आपोआप थिजते. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर असताना पातेले माठाच्या पाण्यात ठेवावे लागते किंवा थोडा वेळ फ्रिजचा आधार घ्यावा लागतो. पातळ तुपात पीठ कालवले तर बिस्किट तेलकट आणि दगडासारखे घट्ट होते, म्हणून साजूक तूप रवाळ, बोटाने सहज दबेल असे झाल्यावरच त्यात पिठीसाखर, चहाची भुकटी आणि मीठ घालून तळहाताने किंवा लाकडी चमच्याने फेटावे. नानकटाईसाठी हे मिश्रण पांढरेशुभ्र होईपर्यंत फेटतात, कारण त्यात हवा भरायची असते. शॉर्टब्रेडला तेवढे फेटणे मारक ठरते, कारण भरलेली हवा भाजताना बिस्किटाला पसरवते. मिश्रण एकजीव झाले आणि रंग थोडा फिकटला की थांबावे.

मैदा, तांदळाची पिठी आणि दूध पावडर दोनदा एकत्र चाळून त्यात मिसळावी व बोटांच्या टोकांनी चोळत जावे. कणकेसारखे मळायचे नाही. चोळताचोळता पीठ ओलसर रव्यासारखे दिसू लागते. मूठभर घेऊन दाबले असता मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर तो फुटलाही पाहिजे. मोहनाची ही जुनी परीक्षा येथेही तंतोतंत लागू पडते. मुटका वळत नसेल तर अर्धा चमचा तूप वाढवावे; दूध किंवा पाणी कोणत्याही परिस्थितीत घालू नये. गोळा हलकेच एकत्र दाबून झाकून गार जागी अर्धा तास ठेवावा, म्हणजे तूप पुन्हा थिजते आणि लाटताना पीठ हाताला चिकटत नाही.

लाटण्यासाठी पोलपाटावर पीठ भुरभुरण्याऐवजी गोळा प्लास्टिकच्या दोन जाड कागदांमध्ये ठेवून लाटावा, कारण वरून लावलेले पीठ प्रमाण बिघडवते. जाडी करंगळीच्या जाडीइतकी, साधारण एक सेंटिमीटर हवी. याहून पातळ लाटले तर कडा आधी करपतात. स्कॉटलंडमध्ये लांबट पट्ट्या, गोल चकत्या किंवा मोठ्या गोलाचे पाचरीसारखे तुकडे असे तीन आकार रूढ आहेत. शंकरपाळ्यांच्या कातण्याने कापलेल्या पट्ट्या दिसतातही चांगल्या आणि त्यांत पीठ वाया जात नाही. प्रत्येक तुकड्याला काट्याने आरपार टोचे मारावेत. आतली वाफ या छिद्रांतून बाहेर पडते आणि बिस्किट सपाट राहते.

ओव्हन असल्यास तो १६० अंश सेल्सिअसवर आधी पंधरा मिनिटे तापवून बिस्किटे मधल्या खणात वीस ते पंचवीस मिनिटे भाजावीत. चहाच्या ठिपक्यांमुळे पीठ मुळातच करडे दिसत असल्याने वरच्या रंगावर विसंबू नये. कडा बदामी झाल्या आणि उलटून पाहिलेल्या एका बिस्किटाची खालची बाजू फिकट सोनेरी दिसली की बाहेर काढावे. त्या वेळी ती मऊ लागतात म्हणून कच्ची समजून पुन्हा आत सारणे हा नवशिक्यांचा ठरलेला दोष. तूप थिजल्यावरच त्यांना खुसखुशीतपणा येतो, त्यामुळे ताटलीतच अर्धा तास निवू द्यावीत. गरम उचलली तर हातात तुटतात.

ओव्हन नसल्यास जाड बुडाची जुनी कढई किंवा पातेले चालते. तळाशी दोन सेंटिमीटर जाडीचा खडेमिठाचा किंवा धुऊन वाळवलेल्या वाळूचा थर द्यावा, त्यावर तिवई ठेवावी, घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटे तापवावे आणि मग बिस्किटांची ताटली आत ठेवून आच अगदी मंद करावी. पंचवीस ते तीस मिनिटे लागतात. उष्णता खालून येत असल्याने वरचा रंग फिकटच राहतो, तो दोष नव्हे. चांगला प्रेशर कुकर या कामी घालू नये, पाण्याविना तापवल्याने तो खराब होतो. नॉनस्टिक भांडे तर मुळीच नको. या पद्धतीत एका वेळी सात-आठ बिस्किटे होतात आणि तीस बिस्किटांना दुपार जाते, हे आधीच लक्षात घ्यावे. राहिलेले पीठ तोवर गारव्यात असावे.

मोठ्या प्रमाणावर करायची असतील तर मराठवाड्यात तिसरा मार्ग आहेच. घरचे पीठ, साखर आणि तूप किंवा डालडा घेऊन बेकरीत जायचे, किलोच्या हिशेबाने मजुरी मोजायची आणि पत्र्याचा डबा भरून बिस्किटे घरी आणायची, ही पद्धत दिवाळीच्या आणि उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर अनेक गावांत चालत आलेली आहे. चहाचे तूप घरून तयार करून नेले तर त्या भट्टीत शॉर्टब्रेडही उत्तम भाजले जाते. दोन गोष्टी मात्र बेकरीवाल्याला आधी सांगाव्या लागतात : पिठात सोडा-अमोनिया घालायचा नाही, आणि घाणा भट्टीच्या पहिल्या कडक आचेवर न लावता पाव निघाल्यानंतरच्या उतरत्या आचेवर लावायचा.

स्थानिक धान्याचा उपयोग करायचा असेल तर मैद्यातील ५० ग्रॅम कमी करून तेवढे ज्वारीचे पीठ घ्यावे. भाकरी थापताना ज्वारीत चिकटपणा नसल्याची अडचण जाणवते. तोच अभाव येथे गुण ठरतो. पीठ कोरडेच मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजून, गार करून घ्यावे, म्हणजे कच्चेपणा राहत नाही आणि त्याचा खमंगपणा चहाच्या स्वादाला पूरक होतो. साखरेऐवजी गूळ घालण्याचा आग्रह मात्र धरू नये. गुळात ओलावा असतो, तो लवकर करपतो आणि त्याची स्वतःची चव इतकी ठाम असते की चहा मागे पडतो.

पूर्ण निवलेली बिस्किटे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरावीत. चहाचा स्वाद दुसऱ्या दिवशी अधिक मुरलेला लागतो. कोरड्या हवेत ती दोन-तीन आठवडे चांगली राहतात, पावसाळ्यात मात्र सादळतात. सादळलेली बिस्किटे मंद आचेच्या ओव्हनमध्ये किंवा कढईत पाच-सात मिनिटे गरम करून निववली की पूर्ववत होतात. खवट वास येऊ लागला तर उपाय नाही, ती टाकून द्यावीत. लहान मुलांना चहा देत नसलेल्या घरांत येणारी शंकाही येथेच मिटवावी : पत्तीत वजनाच्या साधारण २ ते ४ टक्के कॅफीन असते, त्या हिशेबाने भुकटीतील ५ ग्रॅम पत्तीचे कॅफीन तीस बिस्किटांत वाटले तर प्रत्येकात ३ ते ७ मिलिग्रॅम येते, म्हणजे एक कप चहातल्या कॅफीनचा लहानसा अंश. एखाद-दुसऱ्या बिस्किटाने बिघडत नाही. रात्री उशिरा डबा मुलांच्या हाती न लागलेला बरा.

राहता राहिला खाण्याचा प्रकार. ही बिस्किटे चहाबरोबर खावीत, चहात बुडवू नयेत. ग्लुटेनचा आधार नसल्याने आणि सगळे तूप गरम चहात वितळत असल्याने ती क्षणात कपाच्या तळाशी जातात. बुडवून खाण्याची सवय सुटत नसेल तर त्यासाठी टोस्ट किंवा खारीच आणावी.